जिऱ्याचा दशमांश आणि पोटभर भाकरी

अभ्यासपाठ: रोजच्या मसाल्यांचे पोषणमूल्य
शास्त्रवाचन: मत्तय २३:२३, निर्गम १६:१३-१८ व ३१, यशया २८:२३-२९



उन्हाळा लागला की परळ, लालबाग, दादर आणि गिरगावच्या आपल्या मंडळ्यांमध्ये मसाल्याची धांदल सुरू होते. मिरच्या वाळत पडतात, देठ खुडले जातात, धणे निवडले जातात. लालबागच्या मिरची गल्लीत कांडपासाठी नंबर लागतात. अगोटीची ही खरेदी करताना आपल्या महिला संघांतल्या भगिनी घरच्या मसाल्याबरोबर थोडा मसाला पाड्यांवरच्या कुटुंबांसाठीही काढून ठेवतात. पावसाळ्याच्या तोंडाशी शिधावाटप होते, तेव्हा तो मसाला पिशव्यांतून जव्हार-मोखाड्याकडे जातो. ही प्रेमाची देणगी आहे, आणि तिच्यासाठी देवाची स्तुती असो.

या वर्षीच्या तयारीच्या बैठकीत परळच्या एका भगिनीने एक चांगला प्रश्न विचारला. "ताई, जिऱ्यात नि हळदीत लोह असतं असं मी वाचलंय. पाड्यावरच्या बायांना रक्त कमी. मग आपण डाळीचे पैसे थोडे कमी करून मसालाच जास्त का पाठवू नये? तो टिकतो पण, आणि वजनालाही हलका."

प्रश्न साधा असला तरी त्यावर शिध्यातल्या पैशांचा निर्णय अवलंबून आहे. आपला निधी मोजका असतो. एका पिशवीत जे जास्त घालू त्यासाठी दुसरे काहीतरी कमी करावे लागते. म्हणून या अंकाचा पाठ मी याच प्रश्नावर घेतला आहे. मसाल्यात पोषण किती, आणि ते ताटात येते किती?

पवित्र शास्त्रातले मसाले

मसाल्यांची नावे शास्त्राला परकी नाहीत. यशयाच्या २८ व्या अध्यायात शेतकऱ्याचे शहाणपण सांगितले आहे. जिऱ्यासारखे नाजूक बी मळताना तो त्यावर गाड्याचे चाक फिरवत नाही, काठीने हलकेच झोडतो. ज्याचा जसा स्वभाव तशी त्याची मळणी, आणि ही समज त्याला देवाने दिली आहे, असे संदेष्टा म्हणतो. मसाल्याविषयी पहिला धडा इथेच मिळतो. प्रत्येक वस्तूचे आपले एक काम आहे. एकीकडून दुसरीचे काम करून घेऊ नये.

दुसरा धडा निर्गमात आहे. रानात पडलेला मान्ना दिसायला धण्यासारखा होता. पण देवाने तो चिमटीने दिला नाही. माणशी एक ओमर, म्हणजे आजच्या मापाने साधारण दोन लिटर भरेल एवढा, आणि तोही ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे. रूप धण्याचे असले तरी माप भाकरीचे होते. भुकेल्या लोकांना देव जेवू घालतो तेव्हा पोट भरेल इतके घालतो.

तिसरा धडा प्रभू येशूने स्वतः दिला. शास्त्री-परूशी पुदिना, शेपा आणि जिरे यांचाही दशमांश मोजून देत. प्रभूने त्यांना दोष दिला तो मोजण्याबद्दल नव्हे. न्याय, दया आणि विश्वास या जड गोष्टी त्यांनी सोडल्या म्हणून दिला. त्याचे म्हणणे असे, की हेही करायचे होते आणि तेही सोडायचे नव्हते. आजच्या प्रश्नाचे उत्तर याच वचनाच्या आधाराने शोधू. जिरे टाकून द्यायचे नाही, पण जड काय आणि हलके काय ते ओळखायचे.

कागदावरचे आकडे

पोषणाचे तक्ते नेहमी १०० ग्रॅमचे आकडे देतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम जिऱ्यात सुमारे ६६ मिलिग्रॅम लोह आहे आणि हळदीच्या पुडीत सुमारे ५५. धण्यांत सुमारे ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. खसखशीत १४०० च्या पुढे, तर अख्ख्या तिळात साधारण ९७५. मेथीच्या दाण्यांत २३ ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकाच चोथा आहे. जमीन, जात आणि वाळवणी यांप्रमाणे हे आकडे कमी-जास्त होतात. भारतीय तक्त्यांत जिऱ्यातल्या लोहाचा आकडा याहून बराच लहान आहे.

हे आकडे पालेभाजीपेक्षा इतके मोठे का दिसतात? कारण मसाला कोरडा असतो. पालकाच्या जुडीत दहातले नऊ भाग पाणी असते, जिऱ्यात दहातला जेमतेम एक. पाणी निघून गेले की उरलेले सगळे दाट होते. शिवाय बाजारातल्या उघड्या मसाल्यावर शेतातली आणि खळ्यावरची माती असते, तिच्यातलेही लोह मोजणीत येते. म्हणून १०० ग्रॅम मसाल्याची १०० ग्रॅम भाजीशी तुलना कागदावर बरोबर असली तरी ताटात ती टिकत नाही. भाजी १०० ग्रॅम खाता येते. जिरे १०० ग्रॅम कोण खाणार?

चमच्याचे गणित

आता आपल्याच घरचा हिशेब करू. पाच माणसांच्या घरात वर्षाला तीन किलो मसाला संपतो असे धरा. म्हणजे माणशी वर्षाला ६०० ग्रॅम. ३६५ दिवसांनी भागले तर दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम, पाऊण लहान चमच्याच्या आसपास. त्यात निम्म्याहून जास्त मिरची, मग धणे, आणि उरलेल्यात जिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, तमालपत्र वगैरे.

क्षणभर उदार होऊ आणि तो सगळाच मसाला जिऱ्याचा आहे असे समजू, तोही मोठ्या आकड्याचा. तरी १.६ ग्रॅममधून लोह मिळते सुमारे १ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. एवढे लोह नुसत्या जिऱ्यातून घ्यायचे तर रोज ४४ ग्रॅम जिरे खावे लागेल. एका माणसाला, एका दिवसाला, वीस चमचे! सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लोह-फॉलिक ॲसिडच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. त्या एका गोळीइतके लोह कागदावर सुमारे ९० ग्रॅम जिऱ्यात आहे.

कॅल्शियमचेही तेच. एक चमचा धणेपूड पाच माणसांच्या आमटीत टाकली तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिलिग्रॅमच्या आत-बाहेर कॅल्शियम येते. पाड्यावरची बाई १०० ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी खाते तेव्हा तिला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. हाडांचे काम ती भाकरीच करते आहे.

परळच्या भगिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे. मसाल्यात पोषण आहे हे खरे, पण मसाला खाल्ला जातो चिमटीने. डाळ कमी करून मसाला वाढवला तर पिशवी हलकी होईल आणि ताटही हलके होईल.

हा विषय साधा नाही याची आठवण ठेवू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आदिवासी भागात रक्त कमी असण्याला कमी आहाराखेरीज जंत, मलेरिया आणि सिकलसेल हीही कारणे असतात. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरला विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेणेसुद्धा योग्य नाही. म्हणून आधी रक्ततपासणी, वर्षातून दोनदा मुलांना जंतनाशक गोळी, आणि सांगितल्याप्रमाणे लोहाची गोळी हाच रस्ता. हळदीचे दूध हा त्याला पर्याय नव्हे.

मग मसाला कशासाठी?

गणित इथेच थांबवले तर मसाल्यावर अन्याय होईल. मसाल्याचे काम वेगळे आहे, आणि तेही लहान नाही.

पहिले काम, अन्न घशाखाली उतरवणे. पाड्यावरची एक मावशी मला म्हणाली होती, "मिरची नसली तर भाकर जात नाही, ताई." कोरडी भाकरी किंवा नुसता भात माणूस पोटभर खाऊ शकत नाही. तिखट, आंबट, खारट काही असले तर दोन घास जास्त जातात. कष्ट करणाऱ्या शरीराला त्या दोन घासांची गरज असते.

दुसरे काम, अन्नातले लोह शरीराला मिळवून देणे. धान्य-डाळींत लोह असते, पण त्यातला थोडाच भाग आतड्यांतून रक्तात जातो. सोबत क जीवनसत्त्व असेल तर तो भाग वाढतो. लिंबू, आवळा, कैरी, हिरवी मिरची, ताजी कोथिंबीर ही त्याची आपली साधने. मिरचीवर्गातल्या फळांत क जीवनसत्त्व इतके असते, की हंगेरीतल्या सेगेद गावी आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने ते तिथल्या पाप्रिका मिरचीतून मोठ्या प्रमाणात वेगळे केले. त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण लक्षात ठेवा, हे जीवनसत्त्व ऊन आणि उष्णतेने नाश पावते. वाळलेल्या लाल मिरचीच्या पुडीत ते फारसे उरत नाही. लाल रंगातल्या काही द्रव्यांपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, तेवढा लाभ पुडीतूनही होतो, आणि त्यासाठी सोबत थोडे तेल लागते.

लसूण आणि कांद्याचेही असेच. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत पाहिले, की धान्य व डाळींबरोबर लसूण किंवा कांदा असला तर त्यांतले लोह आणि जस्त अधिक प्रमाणात मोकळे होते. म्हणजे आपली लसणीची फोडणी नुसती वासासाठी नाही. याउलट जेवताना किंवा जेवणावर लगेच घेतलेला चहा लोह अडवतो. पाड्यावर आणि चाळीतही ही सवय आहे. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचे तरी अंतर असावे.

तिसरे काम, पचनाला आणि दुखण्याला हलकी मदत. ओव्यातले थायमॉल, लवंगेतले युजेनॉल, आल्यातली तिखट द्रव्ये यांचे गुण औषधशास्त्रानेही मान्य केले आहेत. दातांच्या औषधात लवंगेचे तेल आजही वापरतात. हळदीतले कर्क्युमिन एकटे गेले तर शरीरात फारसे शोषले जात नाही, मिऱ्याबरोबर ते जास्त शोषले जाते. आजीच्या काढ्यात हळद आणि मिरी एकत्र असत, ते उगीच नव्हे.

हळदीची गोष्ट निघाली म्हणून एक हकीकत सांगते. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. आपल्याकडे जे प्रत्येक घराला ठाऊक, त्यावर दुसऱ्याची मालकी! भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली, जुन्या ग्रंथांतले आणि छापील लेखांतले पुरावे मांडले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. तेव्हा परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. विधवा आईच्या कष्टांवर गिरगावात वाढलेला आणि तिथल्याच युनियन हायस्कूलमध्ये शिकलेला हा मुलगा. गरिबांच्या घरातले ज्ञान हे ज्ञानच असते, हे या लढ्याने जगाला दाखवले. मात्र ज्या गोष्टीचा पुरावा दिला ती होती जखमेवर हळद. त्या जोरावर हळदीने रक्त वाढते, कावीळ उतरते असले दावे करणे म्हणजे त्याच ज्ञानाचा अपमान होय.

गिरगाव-लालबागने काय शिकवले

आपल्याच वस्तीच्या इतिहासात या प्रश्नाचे दुसरे उत्तर आहे. १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. मग गिरण्या वाढल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसे परळ-लालबागच्या चाळींत आली. बायका-मुले गावी, आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा पुरुष. त्यांना जेवू घातले खानावळवाल्या बायांनी. मालवणी, सातारी, कोल्हापुरी असे ज्याच्या-त्याच्या मुलखाचे तिखट त्यांनी सांभाळले, कारण परक्या चवीचे जेवण थकल्या माणसाला जात नाही. पण त्या नुसत्या तिखटावर कोणाला राबवत नव्हत्या. डाळ, भाकरी, भात, परवडेल तेव्हा मासळी, हे आधी आणि त्यावर मसाला. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराच्या विळख्यातून सुटण्यासाठी त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत गेले. कित्येक घरांची चूल बायांच्या अशा कामावर चालली. मिरची गल्ली मात्र आजही गजबजलेली आहे.

आणखी एक गोष्ट बघा. गिरगावच्या खोताच्या वाडीतली आपली ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे उन्हाळ्यात बाटली मसाला करतात. वीस-पंचवीस जिन्नस भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरायचे. काही घरांत त्यात भाजलेले गहू आणि हरभऱ्याची डाळही घालतात. आणि शेजारच्या ब्राह्मणाच्या किंवा पाठारे प्रभूच्या घरात डोकावलात तर मेतकूट दिसेल. त्यात हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू हे मुख्य, आणि हळद, जिरे, मेथी, मोहरी, हिंग चवीपुरते. मऊ भातावर दोन चमचे मेतकूट म्हणजे दोन चमचे भाजलेली डाळच. हा मसाल्याचा वास असलेला आहार आहे. तिळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी त्याच जातीची. चिमटीने नव्हे, चमच्याने खायची.

पाड्यावर हे नवे नाही. वारली, कोकणा, महादेव कोळी शेतकरी डोंगरउतारावर खुरासणी पेरतात. तिलाच आपण कारळे म्हणतो. कारळ्यात सुमारे पाचवा हिस्सा प्रथिने असतात आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेल. कारळे भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून कुटलेली चटणी ही त्या डोंगराची मेतकुटाची वाटी समजा. अंबाडीचा पाला, शेवग्याचा पाला, टाकळा, कुर्डू आहेतच. दुर्दैवाने कारळे आणि उडीद व्यापाऱ्याला विकले जातात आणि त्या पैशांतून रंगीत मसाल्याची पुडी घरात येते. विटभट्टीवर स्थलांतर झाले की पालाही सुटतो. मग उरते मिरची, मीठ आणि भात.

सावधगिरीच्या चार गोष्टी

१. तान्हे बाळ. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी, मध, घुटी काही नाही. जायफळ उगाळून बाळाला झोपवण्याची रीत आपल्या चाळींतही आहे आणि पाड्यावरही. जायफळ थोडे जास्त झाले तर गुंगी येते, विषबाधाही होऊ शकते. बाळाला ते देऊ नका.

२. लहान मूल. सहा महिन्यांनंतर मुलाला मऊ वरण-भात, नाचणीची पेज, थोडे तेल किंवा तूप हवे. बहुतेक घरांत एकच भांडे शिजते आणि ते तिखट असते. मग मुलाला नुसता भात-मीठ मिळतो, डाळ त्याच्या तोंडी लागतच नाही. उपाय बिनपैशाचा आहे. मिरची टाकण्याआधी मुलाची वाटी काढून ठेवा. या एका सवयीने मुलाला जेवढे पोषण मिळेल तेवढे मसाल्याच्या कुठल्याच पिशवीने मिळणार नाही.

३. भेसळ आणि बुरशी. हळदीला पिवळेजर्द करण्यासाठी शिशाचा रंग घातल्याची प्रकरणे भारतात आणि बांगलादेशात सापडली आहेत. शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका. चांगली हळद हलका पिवळा रंग सोडत खाली बसते, रंग घातलेली बुडतानाच पाणी गडद पिवळे करते. मिरीत पपईच्या बिया मिसळल्या तर त्या पाण्यावर तरंगतात. मिरचीपुडीत विटेची भुकटी असेल तर तळाशी बसलेला गाळ बोटाला खरखरीत लागतो. शक्यतो हळकुंडे आणि अख्खे धणे घेऊन आपल्यासमोर कांडून घ्या. ओलसर राहिलेल्या मिरचीला बुरशी धरते आणि त्या बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही. काळी पडलेली मिरची "चालेल गरिबाला" म्हणून देऊ नका. प्रभूच्या नावाने द्यायचे ते निर्दोष असावे.

४. मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ पुरे. ते आयोडीनयुक्त असावे, बंद डब्यात ठेवावे. आयोडीनची उणीव गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला भोवते. बाजारी मसाल्यात आणि लोणच्यात मीठ असतेच, ते हिशेबात धरावे.

मग पिशवीत काय घालावे?

माझी सूचना मी मंडळ्यांपुढे विचारार्थ ठेवते. लाल मसाला पूर्ण बंद करू नये. जिऱ्याचा दशमांशही सोडायचा नव्हता. पण आधी जड गोष्टी भराव्यात.

पहिल्यांदा डाळ, शेंगदाणे, गूळ आणि खाण्याचे तेल. त्यानंतर आयोडीनयुक्त मीठ. मग आपल्या भगिनींच्या हातची एक किलो मेतकुटाची किंवा कारळ्या-शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी. कारळे पाड्यावरच्या शेतकऱ्यांकडूनच रास्त दराने विकत घ्यावे, म्हणजे पैसाही तिथेच राहील. शक्य असेल तिथे स्वच्छ, वाळू नसलेला सुका जवळा. वाळलेल्या जवळ्याच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, तो अख्खा खाल्ला जातो म्हणून कॅल्शियमही मिळते, आणि आपल्या आदिवासी बांधवांना सुकट आवडते. शेवटी पाव किलो लाल मसाला आणि थोडी हळद, चवीपुरती. लसूण पाठवता आला तर उत्तम.

ज्या पाड्यांवर अंगणवाडी आहे तिथे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम, पूर्ण जेवण देण्याची तरतूद २०१५ पासून आहे. ते जेवण रोज शिजते का, बाई तिथे जाऊन जेवते का, की डबा घरी नेऊन पाचांत वाटते, हे पाहणे आपल्या स्वयंसेवकांचे काम आहे. योजनेचा हक्क मिळवून देणे हे न्यायाचे काम, आणि प्रभूने जड म्हणून सांगितलेल्या गोष्टींत न्यायाचे नाव पहिले आहे.

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, उघड्या-भुकेल्या भावाला गोड शब्द देऊन रिकाम्या हाताने पाठवणाऱ्याची गोष्ट आहे. चवदार मसाला आणि रिकामे भांडे ही त्याच गोड शब्दांची बहीण. आपली पिशवी उघडल्यावर पाड्यावरच्या आईला आधी वास यावा आणि मग भांडे भरावे. दोन्ही व्हावे, अशी माझी इच्छा आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात वर्षाला किती मसाला लागतो? तो माणशी, दिवसाला किती ग्रॅम पडतो, हे काढून पाहा.
२. मत्तय २३:२३ प्रमाणे आपल्या मंडळीच्या सेवाकार्यात "जिरे" कोणते आणि "जड गोष्टी" कोणत्या?
३. आपल्या घरी मुलाची वाटी मिरची टाकण्याआधी काढली जाते का?
४. पाड्यावरच्या भगिनींकडून आपण कोणता पदार्थ शिकून घेऊ शकतो?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, रानात आपल्या लोकांना मोजून, पण पोटभर देणाऱ्या देवा, आमच्या हातच्या दानाला शहाणपण दे. पाड्यावरच्या माता आणि त्यांची लेकरे यांना बळ दे. आमच्या ताटातली चव त्यांच्या ताटातही असू दे, आणि आमच्या ताटातली डाळही. प्रभू येशूच्या नावात मागतो. आमेन.